ताळा

शाहूपुरीत सौदा उरकला की अड्ड्यावर
उरायच्या माश्या, बारदानाचा वास
आणि मी, नववी ब,
रिकाम्या काट्यावर पाय हलवत बसलेली.

गणित असं होतं:
ट्रकात गुळाचे सेहेचाळीस रवे,
काही दहा किलोचे, काही तीसचे,
एकूण वजन सातशे ऐंशी.
तर कोणते किती?

मी लिहिलं, समजा लहान रवे क्ष.
मोठे य.
क्ष अधिक य बरोबर सेहेचाळीस.
बरोबरच्या दोन रेघा इतक्या सरळ आल्या
की पुढचं लिहायची भीती वाटली.

आबा डोक्यावरची खोळ झटकत आले.
"समजा? समजा काय म्हनून?"
वाचता यायचं नाही त्यांना,
मीच वाचून दाखवलं.
मोजताना ते एक म्हणायचे नाहीत, लाभ म्हणायचे.
लाभ, दोन, तीन, चार,
पाचव्याला आडवी रेघ, खांबावर, खडूनं.
त्यांच्या प्रत्येक मोजणीच्या दाराशी
लाभ उभा असायचा.

"आदी समदे ल्हानच हाईत म्हन," ते म्हणाले.
चारशे साठ.
"काटा किती दावतोय?"
सातशे ऐंशी.
"मग वरचं कुटनं आलं?"
मी गप्प. तीनशे वीस एवढंच सुचलं.
"एक ल्हान उतीरला, त्याच्या जागी थोरला चढीवला.
काटा कितीनं सरकला?"
वीसनं.
"मग सरकीव की."

मी डोळे मिटून सरकवत गेले,
वीस, चाळीस, साठ,
मध्येच एकदा चुकले, परत पहिल्यापासून,
सोळाव्याला काटा थांबला.
सोळा थोरले, तीस लहान.
ताळा घेतला: तीनशे अधिक चारशे ऐंशी.
आबांनी एकदाही समजा म्हटलं नव्हतं
आणि सगळं गणित समजावरच उभं होतं.

उदगावेबाईंनी अर्धेच गुण दिले.
लाल शेरा: क्ष कुठे आहे?

पुढच्या धड्यात मोजणी आली.
आठ जण, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा टाळी.
हे मला पुस्तकात बघायची गरज नव्हती.
आबांची टोळी आठांची.
काम सुटल्यावर गंगावेशीत
म्हशीच्या धारेखाली पेले धरायच्या आधी
प्रत्येकजण प्रत्येकाला टाळी द्यायचा.
आठ साती छप्पन.
पण दिलेली टाळी ती घेतलेलीही असते,
म्हणून भागिले दोन.
सायकलच्या कॅरिअरवर बसून मी खात्री केली होती,
अठ्ठावीस, दोन वेळा मोजून.
दौलूमामांची टाळी सगळ्यात मोठी वाजायची,
म्हैस दचकायची, गवळी शिव्या द्यायचा.

माघात थप्पी कोसळली.
दौलूमामा खाली होते.

चौदाव्या दिवशी टोळी परत गंगावेशीत थांबली.
मोजायचं नाही असं ठरवलं होतं मी.
सात सक बेचाळीस, भागिले दोन,
एकवीस.
वहीच्या पुठ्ठ्यावर परत मांडून बघितलं,
अठ्ठावीसातून एकवीस.
माणूस एक गेला होता
आणि वजाबाकी सात येत होती.

"चुकलंय का गं कुटं?" आबांनी विचारलं.
नाही म्हटलं.
त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, कळत नसून,
पुष्कळ वेळ.

सकाळी पहिला रवा काट्यावर चढला.
आबा म्हणाले, "एक."
दलालानं खतावणीतून मान वर केली,
"हिंदुराव, लाभ म्हन की गा."
आबांनी खांबावर रेघ ओढली.
खडू मोडला, उरलेला तुकडा चिमटीत धरून
ते म्हणाले, "दोन."